संबंध झालेला खडा

दसरा झाला की आईचा फोन येतो. "फुलं लागली," एवढं ती सांगते आणि मग माझी तब्येत, गॅस सिलिंडर, घरमालकीण अशा गोष्टींकडे वळते. पण तोवर माझ्या नाकात तो वास शिरलेला असतो. हिरव्या जाळीखाली कोंडलेल्या उन्हाचा, वाफ्यांवर अंथरलेल्या, तापलेल्या मल्चिंगच्या प्लास्टिकचा, मिरचीच्या पानाला बोट घासलं की सुटणारा कडवट वास; आणि या सगळ्याच्या तळाशी, अगदी पुसट, हिन्याच्या अत्तराचा. हा शेवटचा वास शेतातला नाही. तो आत्याच्या गळ्यातला आहे.

साखरखेर्ड्याच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून थोडं आत, आमचं शेत आणि शेतातच घर आहे. शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात, मिरचीचं बियाणं करतात. खायची मिरची नाही, पेरायची. म्हणजे दसऱ्याच्या सुमाराला रोज सकाळी बाया जाळीत शिरतात आणि एकेका फुलाचं लग्न हाताने लावतात; याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. आदल्या दिवशी कळी उमलायच्या आत चिमट्याने तिच्यातला नराचा भाग काढून टाकायचा. दुसऱ्या सकाळी बोटातल्या अंगठीच्या वाटीत दुसऱ्या जातीच्या नराची पावडर घेऊन त्या उघड्या पडलेल्या टोकाला टेकवायची. फक्त टेकवायची. मग देठाला लाल लोकरीचा दोरा बांधायचा. ज्याला दोरा नाही ते फळ तोडून फेकायचं, कारण ते आपलं आपण धरलेलं असतं, त्याच्या बीला किंमत नाही. दिसायला दोन्ही मिरच्या सारख्याच. फरक काय तर एकीला कुणाचा तरी स्पर्श झालेला असतो.

मला हे सगळं लहानपणापासून माहीत होतं, पण मी त्यात नव्हते. मी चिखलीला इंग्रजी शाळेत, होस्टेलवर वाढले. सुट्टीत घरी आले की बायांच्यात माझं नाव 'मॅडम' असायचं. बोलताना मराठी शब्द शोधावा लागायचा, आणि तो सापडेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. त्यामुळे मी बघायला शिकले. बघणाऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

तो एक हंगाम मी पूर्ण घरी होते. शिक्षण संपलं होतं, पुण्याच्या नोकरीचं पत्र यायचं होतं. त्या हंगामात घरात जे घडलं ते पूर्ण फक्त आम्हा चौघांना माहीत आहे; कामावरच्या कासाबाईला आणि बाकीच्या बायांना अर्धंच.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली आणि इथलीच झाली. आमचं घर महानुभाव पंथाचं. बाबांचं ते जेवढ्यास तेवढं, पण आत्याने उपदेश, म्हणजे पंथाची दीक्षा, घेतलेला होता आणि ती तो अक्षरशः पाळायची. दुसऱ्या कुठल्या देवाला हात जोडायचा नाही, कुणाच्या घरचा नैवेद्य खायचा नाही. तिच्या गळ्यात काळ्या कापडाची छोटी पिशवी असायची आणि त्या पिशवीत एक खडा. हरभऱ्याच्या दाण्याहून जरा मोठा, काळपट, एका बाजूने गुळगुळीत. त्याला आमच्यात विशेष म्हणतात. आमच्या पंथाचे स्वामी, म्हणजे प्रत्यक्ष परमेश्वर, शेकडो वर्षांपूर्वी या मुलखात फिरले. ते जिथे बसले, जिथे टेकले, ज्याला त्यांचा हात लागला, त्या दगडाला संबंध झाला. अशा दगडाचा तो तुकडा. आत्याच्या सासूकडून तिच्याकडे आलेला. रोज आंघोळीनंतर ती तो पाटावर काढायची, अत्तराचं बोट लावायची आणि पूर्ण आडवं होऊन दंडवत घालायची. पन्नाशी उलटलेल्या बाईचं ते जमिनीवर सपाट होणं मी दाराआडून पाहायचे आणि मला का कोण जाणे संकोच वाटायचा.

शाळेत एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात एक चित्र होतं आणि त्या चित्राला चिकटवलेला कापडाचा टिकलीएवढा तुकडा. कुणा संताच्या हाडाला तो नुसता लावून आणलेला. कापड हाडाचं नाही, हाड देवाचं नाही, तरी तो दाखवताना सिस्टरांचा आवाज खाली यायचा. आमच्याकडे क्रॉसिंगला येणारी कासाबाई मनगटात दर्ग्यावरचा धागा बांधते. तो विटून पांढरा झाला तरी कापत नाही. हे सगळे लोक एकमेकांना मानत नाहीत. पण देव दिसत नाही, हाताला लागत नाही, असं म्हणणाऱ्या या सगळ्यांच्या हाताशी काहीतरी लागणारं, घासणारं, हरवू शकणारं असतंच. हरवू शकतं, हेच मला तेव्हा कळलं नव्हतं.

एकदा मी धीर करून आत्याला विचारलं होतं, "हा दगड देव आहे का?"

"दगड कसा देव राहीन?" ती म्हणाली. "दगड दगड हाय. देव वेगळा."

"मग दंडवत कोणाला?"

"ज्यानं हात लावला त्याले. तो तं दिसत नाही आता. हात कोठी लागला ते दिसते, तं तिथं लवायचं." मग म्हणाली, "मह्या मालकाचं मी काही ठेवलं नाही. सदरा नाही, चप्पल नाही. आता तोंड आठोत नाही त्याचं."

आई मात्र दुसऱ्या घरची. तिच्या माहेरी देवी, खंडोबा, नवरात्र, जागरण. लग्न होऊन आली ती सगळं तिकडे ठेवून. इथला उपदेश तिने घेतला नाही आणि आत्याने कधी आग्रह केला नाही. पण पिशवीला हातही लावू दिला नाही. दोघींच्यात भांडण नव्हतं. एका ओळीच्या दोन बाजूंनी त्या वर्षानुवर्षं क्रॉसिंग करत आल्या होत्या, मधे मिरचीची झाडं.

आणि मग त्या हंगामात, ऐन फुलोऱ्यात, एका सकाळी जाळीत काम करताना आत्याचा हात सवयीने गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. पिशवी होती. तळाची शिवण घामाने कुजून उसवली होती. आत काही नव्हतं.

ती ओरडली नाही. ती होती तिथे थांबली आणि म्हणाली, "कोणी हालू नोका."

सगळ्या बाया थांबल्या. कुणाचा पाय उचललेला, कुणाचा हात फुलावर. जाळीत ठिबकच्या नळीतून थेंब पडल्याचा आवाज येत होता. आत्याने सांगितलं काय झालं ते. मग चपला बाहेर गेल्या, बाया खाली बसल्या आणि बोटांनी माती चाळायला लागल्या.

आमची जमीन खड्यांची आहे. काळ्या मातीत काळे खडे, हरभऱ्याएवढे, तुरीएवढे, बोराएवढे. दुपारपर्यंत प्रत्येक बाईच्या ओंजळीत डझनभर होते. "हा का अक्का?" "हा पाहा बरं." आत्या एकेक हातात घेऊन अंगठा फिरवायची, नाकाशी न्यायची, मान हलवायची. तिच्या खड्याची एक बाजू वर्षानुवर्षांच्या अंगठ्याने गुळगुळीत झाली होती आणि त्याला अत्तर मुरलेलं होतं. यातला एकही तसा नव्हता. पण आत्याने नाही म्हटलेला खडा खाली टाकायचा कसा, हा प्रश्न कुणाच्या लक्षात आला नव्हता. तो कासाबाईच्या आला. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"अक्का, आन हाच असला तं?"

"नाही म्हनली ना मी."

"तुमी नाही म्हनता. पण टाकला आन पाय पडला तं पाप कोनाले?"

तिने तो खडा पदरावर ठेवला. मग दुसरीनेही ठेवला. बाबांनी घरातून धुतलेलं धोतर आणून जाळीच्या दाराशी अंथरलं आणि त्यावर नाकारलेल्या खड्यांचा ढीग जमू लागला. संध्याकाळी घरी जाताना बाया त्या ढिगाला हात जोडून गेल्या. यातल्या एकीचंही घर महानुभाव नव्हतं.

आत्याने सांगून टाकलं, सापडेपर्यंत अन्न नाही.

इथून घर आवळायला लागलं. तिला साखरेचा आजार. गोळ्या उपाशीपोटी घेता येत नाहीत आणि नाही घेतल्या तर घेरी येते. बाबा एकदा रागावून बोलले, एकदा हात जोडून बोलले. ती पाणी प्यायची आणि जाळीच्या दाराशी पोत्यावर बसायची. आत जायची नाही.

"आत तरी ये," आई म्हणाली. "तुह्या हातानं पाह्य."

"पाय कोठी ठेवू?"

ते तिने अगदी साधं विचारलं होतं. जाळीतली जमीन कालपर्यंत जमीन होती. आता तिच्यात कुठेतरी तो होता, म्हणजे प्रत्येक पावलाखाली तो असू शकत होता. बाया अंग चोरून, पंजांवर, नळीच्या कडेकडेने चालत होत्या. कामाची गती मेली होती. वर फुलं उमलत होती, त्यांना वेळेवर हात लागत नव्हता आणि ती आपापली फळ धरत होती. अशी फळं मग तोडून फेकायची. बादल्या भरत होत्या.

"मॅडमले इचारा," कासाबाई माझ्याकडे बघून म्हणाली. "इंग्रजीत सापडते का पाहा." बाया हसल्या. हसू लगेच विझलं.

माझं काम आत्याजवळ बसायचं होतं. तिची जीभ जड झाली की बाबांना हाक मारायची. मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. शेवटी मला राहवलं नाही आणि शाळेत नीतिशिक्षणाच्या तासाला घोकलेलं एक वाक्य मी तिच्यापुढे ठेवलं. "आत्या, देव तर सगळीकडे असतो ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"सगळीकडे असता तं त्याले यायची गरज काय होती व?" ती म्हणाली. "नव्हता म्हनून आला. आला म्हनून हात लागला. सगळे खडे सारखे नसतात, मनू."

मी ते वाक्य पुढे बऱ्याच जणांना सांगावंसं वाटूनही सांगितलेलं नाही. सगळं एकच आहे, जडातही चैतन्य आहे, असं म्हणणं फार सोपं असतं. कुणी उपाशी बसलेलं नसतं तोवर. आत्याच्या जगात जड ते जड होतं. प्रपंच. आज आहे, उद्या नाही. त्या मातीत, त्या प्लास्टिकमध्ये, माझ्यात, तिच्या स्वतःच्या सुजलेल्या पायांत देव नव्हता. तो एकदाच, एका जागी, एका दगडाला बोट लावून गेला होता. तेवढाच पूल. आणि तो मिरचीच्या वाफ्यात पडला होता.

कासाबाईनेही तिच्या परीने प्रयत्न केला. दुपारच्या सुट्टीत ती भाकरी सोडून आत्यापुढे येऊन बसली. "अक्का, आपण फुलाले पावडर लावतो आन नर फेकून देतो का नाही? लागलं ते लागलं. तुमाले तं केव्हाचं लागलं. आता खडा राह्यला काय आन गेला काय."

आत्याने गळ्यातली रिकामी पिशवी चाचपली. मग म्हणाली, "फूल फळते, कासे. मी काय फळली?"

कासाबाई उठून गेली. भाकरी तिने खाल्ली नाही.

त्याच दुपारी मी घराच्या मागे गेले होते. आई धुण्याच्या दगडापाशी पाठमोरी उकिडवी बसलेली होती. धुणं नव्हतं. तिचा उजवा हात दगडावर एकाच जागी पुढेमागे, पुढेमागे होत होता, जसं सुरीला धार लावतात तसं. मधून ती थांबायची, हातातलं पाण्यात बुडवायची, अंगठ्याने चाचपायची, पुन्हा घासायची. बाजूला अत्तराची बाटली होती. आत्याची. मी मागे सरले. मला समजायला वेळ लागला नाही.

संध्याकाळी जाळीच्या आतून आईची हाक आली. "सापडला अक्का."

ती आली ती ओंजळ धरून. बाया तिच्यामागे. आत्याने हात पसरले. आईने ओंजळीतला खडा त्यांवर ठेवला. आत्याने खडा बोटात धरला. अंगठा फिरवला. नाकाशी नेला. तो क्षण किती लांबला ते मला सांगता येणार नाही. मी आईच्या गळ्याची शीर उडताना पाहत होते. मग आत्याने तो डोळ्यांना लावला, कपाळाला लावला आणि खाली बसली. आईने दुधात भाकरी कुस्करून तिला भरवली, घासागणिक, लहान मुलाला भरवावी तशी. बाया डोळे पुसत होत्या. मीही पुसले. मी कशासाठी पुसले हे मला आजही नीट माहीत नाही. धोतरावरचा ढीग बाबांनी विहिरीत सोडला, कारण विहिरीत पाय पडत नाही.

काम सुरू झालं. चपला परत आल्या. आत्याने पिशवीची शिवण नव्याने घातली, ती आत शिरली आणि तिच्या हाताने पुन्हा फुलं लागू लागली. वरवर बघता सगळं सुरळीत झालं. पण रोज सकाळी आत्या पाटावरच्या त्या खड्यापुढे आडवी झाली की आई चुलीकडे जायची. रोज. दूध उतू जात नसताना दूध बघायला जायची. एकदा भाजी निवडताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "जीव वाचला ना तिचा."

"हो," मी म्हणाले.

"मंग झालं तं."

पण झालं नव्हतं. मी तिला ओळखते. आईला खड्याशी काही घेणं नव्हतं, तिच्या लेखी एक खडा दुसऱ्यासारखा. तिला सलत होतं ते दुसरंच: आत्याच्या लेखी साध्या दगडापुढे लवणं म्हणजे जन्म वाया घालवणं, आणि ते आत्या रोज करत होती, आईमुळे.

मिरच्या लाल होऊ लागल्या, दोऱ्याची फळं तोडायला सुरुवात झाली. थंडी पडली होती. एक दिवस आई तोडता तोडता थबकली. प्लास्टिकला रोपासाठी पाडलेल्या भोकात, बुंध्याशी, तिला काही दिसलं. तिने ते उचललं, पदराला पुसलं, मुठीत धरून ऊब दिली आणि हुंगलं. मी दोन ओळी पलीकडे होते. तिने इकडेतिकडे पाहिलं. तिची नजर माझ्यापर्यंत आली आणि थांबली. मी पहिल्यांदा नजर वळवली नाही.

तो तोच होता कशावरून? एका बाजूने गुळगुळीत होता, आणि आई म्हणते वास होता. इतके दिवस ठिबकच्या पाण्यात राहून वास राहतो का, हे मी विचारलं नाही. तिला खात्री होती. कधी न मानणाऱ्या माणसाची खात्री फार घट्ट असते.

आणि मग गंमत अशी झाली की आईला तो खडा ठेवायला जागा मिळेना. डब्यात ठेवला तर डबा इकडेतिकडे होतो. ट्रंकेत ठेवला तर ट्रंकेवर कुणी बसतं. देवघरात आत्या. शेवटी तिने तो लुगड्याच्या कनवटीला बांधला. मग कनवटीला आहे म्हणून ती आंघोळीशिवाय काही करेना. मग, एका सकाळी, आत्या शेतात गेल्यावर, मी तिला मधल्या खोलीत जमिनीवर आडवं झालेलं पाहिलं. देवीच्या घरची माझी आई. हात पुढे पसरलेले, कपाळ फरशीला, पुढे रुमालावर तो खडा. तिला दंडवत नीट येत नव्हता. कोपरं वर राहत होती.

म्हणजे आता घरात दोन खडे होते. जिला त्याची गरज होती तिच्या गळ्यात धुण्याच्या दगडावर घासलेला होता आणि जिला नव्हती तिच्या कमरेला खरा. सांगावं तर उपाशी बसलेल्या बाईला फसवलं हे निघणार. न सांगावं तर रोज सकाळ होणार. आईचं वजन उतरलं. बाबांना वाटलं थंडीने.

तिने अदलाबदल करायचं ठरवलं. मला सांगून नाही. पण मी आसपास असेन असं बघून. आत्या आंघोळीला गेली की पिशवी बाहेर खुंटीला असायची. आईने पिशवी सोडली, तळहातावर पालथी केली, कनवटीची गाठ सोडून दुसरा खडा शेजारी ठेवला. दोन्ही एका हातावर. ती क्षणभर पाहत राहिली, मला वाटतं पहिल्यांदाच दोन्ही एकत्र पाहत होती. तेवढ्यात आतून हाक आली, "सोभे, ऊन पाणी दे वं जरासं."

आईने मूठ मिटली. दुसऱ्या हाताने चुलीवरचं पातेलं उचललं, ते हिंदकळलं, हातावर पाणी आलं, तिने पातेलं मुठीच्या मनगटाने सावरलं, दाराच्या फटीतून आत सरकवलं. परत आली आणि मूठ उघडली.

ओल्या तळहातावर दोन काळे खडे. दोन्ही एका बाजूने गुळगुळीत. दोन्हींना तेच अत्तर, कारण आईही त्याच बाटलीतलं बोट लावत होती.

ती एकाकडे बघे, दुसऱ्याकडे बघे. मग तिने हात माझ्यापुढे केला. "मनू. कोणता?"

मी पाहिले. हुंगले. अंगठा फिरवला. इतकी वर्षं बघण्याशिवाय मी काही केलं नव्हतं आणि मला दिसत नव्हतं. जो फरक होता तो खड्यात नव्हताच. तो कुठून आला, कुणी उचलला, कुणाचा हात लागला, यात होता, आणि ते आईच्या मुठीत पुसून गेलं होतं. आत पाणी ओतल्याचा शेवटचा आवाज झाला. कडी वाजली. आईने दोन्ही खडे पिशवीत टाकले आणि पिशवी खुंटीला लावली.

आत्या ओल्या केसांनी बाहेर आली. पिशवी गळ्यात घातली. हात तिच्यावर गेला आणि थांबला, त्या दिवशी जाळीत थांबला होता तसा. तिने पिशवी पाटावर रिकामी केली.

"सोभे," ती म्हणाली. "हे काय हाय?"

आईने सांगितलं. सगळं, उभ्यानेच, चुलीकडे बघत. धुण्याचा दगड, अत्तर, बुंध्याशी सापडलेला, कनवट, आत्ताची मूठ. आत्याने पाटावरून नजर काढली नाही. शेवटी विचारलं, "मी इतके दिवस साध्या खड्यापुढं?"

"हाव अक्का."

"आन तू त्या खऱ्यापुढं?"

"हाव."

"तुले तं उपदेशबी नाही."

"नाही."

आत्या उठली आणि शेतात गेली. पाट, पाटावर दोन खडे, तसेच. त्या दिवशी घरात कुणी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. दोघी एका ओळीच्या दोन बाजूंनी मिरच्या तोडत होत्या आणि मधे टोपल्यात फळं पडल्याचा आवाज तेवढा होता. कासाबाईने विचारलं, "काय झालं व दोघीले? मांजर आडवी गेली का?" आईने भरलेली टोपली उचलून दाराशी नेली. जेवताना बाबा म्हणाले, पंथाच्या आश्रमात नेऊन तिथल्या बाबाजींना दाखवू, ते सांगतील कोणता. "ते काय हुंगून सांगतील?" आत्या म्हणाली. तेवढंच. पण ती जेवली. आई आत्याच्या ताटाकडे बघत होती, ती जेवते आहे हे बघत होती. मला वाटलं होतं ती पुन्हा उपाशी बसेल. आईला तर खात्रीच होती.

दुसऱ्या दिवशी आत्या ओसरीवर सुई घेऊन बसली. जुन्या काळ्या कापडाचा तुकडा होता, त्याची तिने दुसरी पिशवी शिवली. तळाला दुहेरी शिवण घातली. दोन्ही खडे पदराखाली घेतले, हात फिरवला, न बघता एक या पिशवीत, एक त्या पिशवीत. दुसरी पिशवी आईपुढे धरली.

आईने हात मागे घेतला. "आन खरा माह्यापाशी आला तं? तुले काय राह्यलं?"

आत्याने जरा विचार केला. "उद्या बदलू," ती म्हणाली.

तेव्हापासून त्या बदलतात. रोज. हंगाम असो नसो. आंघोळ झाली की एकीची पिशवी दुसरीकडे, दुसरीची पहिलीकडे. दोघींपैकी एक रोज नुसत्या खड्यापुढे आडवी होते हे दोघींना माहीत आहे, आणि ती कोण हे कधीच कळणार नाही. आईने अजून उपदेश घेतलेला नाही. तिची कोपरं आता खाली येतात. मी पुण्याहून गेले की बघते. आत्याला बदललेलं म्हणावं असं काही दिसत नाही. देव वेगळा, दगड वेगळा, हे ती अजूनही तसंच म्हणते. पण पूर्वी पिशवीला ती कुणाला हात लावू द्यायची नाही.

या वर्षी फुलं लागली तेव्हा मी सुट्टी काढून घरी गेले. आईला मामाकडे जागरणाला जायचं होतं. निघताना तिने गळ्यातली पिशवी काढून माझ्या गळ्यात घातली. "तिकडं नेत नाही मी," ती म्हणाली. "सकाळी आत्यासंगं बदलून घेजो. आन देतानी सांगाचं असते ते सांगजो."

"काय सांगायचं?"

तिने सांगितलं. मला ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं दाराआडून पाहिलं, पण त्या हळू बोलतात, ऐकू आलं नव्हतं.

सकाळी आंघोळ करून मी जाळीच्या दाराशी गेले. आत बाया शिरल्या होत्या, कासाबाईचा आवाज येत होता. आत्या दाराशी थांबली होती. तिने तिची पिशवी काढून माझ्या हातात दिली. कापड तिच्या अंगाने गरम होतं.

"आज खरा तुह्यापाशी," ती म्हणाली.

मग हात पुढे करून उभी राहिली. मी माझी पिशवी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. मला असं काही म्हणायची सवय नाही. माझा या कशावर विश्वास आहे असंही मी म्हणू शकत नाही. आत फुलं उमलत होती आणि बाया आमच्यासाठी थांबल्या होत्या. आत्याने घाई केली नाही. तिने हात मिटला नाही, ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली; आणि मला दिसलं की तिला खरोखरच ऐकायचं आहे, आजच्या दिवसापुरतं, कुणाच्या तरी तोंडून.

"आज खरा तुझ्यापाशी, आत्या," मी म्हणाले.

"हाव," ती म्हणाली. तिने पिशवी गळ्यात घातली आणि फुलांकडे गेली.